खुंटीचं कुलूप

न्ये आजीनं उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. नवरा नदीत गेला तेव्हा नाही, पुरात टोफूचं जातं गाळाखाली गेलं तेव्हाही नाही. पण नात अडीच महिन्यांची झाली तशी तिनं केस ओढून घट्ट अंबाडा घातला, धुवट निळा सदरा चढवला, बांबूची परडी काखेला मारली आणि पाइलू घाटाच्या पाणीदरवाजा गल्लीत ती दारोदार मागायला निघाली.

भीक नव्हे, कुलपाची वर्गणी. शंभर घरांतून एकेक तांब्याचा पैसा मागून आणायचा, त्या पैशांची चांदी घ्यायची, चांदीचं बोटाएवढं कुलूप घडवायचं आणि शंभराव्या दिवशी ते पोराच्या गळ्यात घालायचं. शंभर घरांनी मिळून धरून ठेवलेलं पोर सहजी जग सोडून जात नाही. पण घाटावर ही कुलपं मुलग्यांना घालत. मुलीसाठी परडी फिरवणारी न्ये आजी पहिलीच, त्यामुळे लोकांना आयतंच चघळायला मिळालं. तेलवाल्याची बायको तर तोंडावर म्हणाली, “आजी, मुलीला कसलं कुलूप घालता? तिला एक दिवस सासरी जायचंच आहे.”

“जाऊ दे की,” आजी म्हणाली. “स्वतःच्या पायांनी चालत जाऊ दे. मला तेवढंच हवंय.”

तेलवालीनं पैसा टाकला. तिला आठवलं असणार. या नातीच्या आधीची दोन पोरं चालायला लागण्याआधीच गेली होती. सून लानफांग त्यानंतर घरात सावलीसारखी वावरायची. तिसरी झाली तेव्हा गोड नाव शोधत बसायची कुणाची छाती झाली नाही. आजीनं तिला खुंटी म्हणायला सुरुवात केली. भिंतीत ठोकली की ठोकली, हलायचं नाव नाही.

या मागण्याला नियम एकच. वाटेतलं एकही दार गाळायचं नाही. दार गाळलं की कुलूप त्या बाजूनं उघडं राहतं. आणि न्ये आजीच्या टोफूच्या दुकानासमोर, अगदी नाकासमोर, दार होतं शाओच्या चहाघराचं.

शाओ आणि आजी सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण गटाराचं. टोफूचं आंबूस पाणी आजीच्या दारातून निघायचं आणि उतार बघत बघत शाओच्या पायरीपाशी जाऊन थांबायचं. शाओ म्हणायचा, गिऱ्हाइकं नाक धरून चहा पितात. आजी म्हणायची, त्याचा चहाच तसा असतो. शाओची बायको च्यूशियांग होती तोवर तीच दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत हसून वेळ मारून न्यायची. चार वर्षांमागे ती गेली आणि तेव्हापासून दोन दारांच्या मधल्या त्या चार हात फरशीवरून शब्द म्हणून गेला नाही.

आजीनं आधी बाकीची सगळी दारं उरकली. शेवटी दुपारच्या उतरत्या वेळेला ती चहाघराची पायरी चढली. आत बांबूच्या खुर्च्यांवर पाच-सहा जण रेलले होते, ते सावरून बसले. आजीनं परडी पुढे केली आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. शाओनं हातातली लांब तोटीची किटली खाली ठेवली, ओले हात पुसले आणि आत गेला. बराच वेळ गेला. पेटी सरकल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला आणि त्यानं परडीत चांदीचं एक अख्खं नाणं ठेवलं.

आजीला वाटलं, आपले डोळे फसताहेत. चहाच्या वापरलेल्या पानांत दुसऱ्यांदा पाणी ओतणारा माणूस, आणि अख्खं चांदीचं नाणं? आभाराचे शब्द तिच्या जिभेवर आले होते, पण सात वर्षांचं कुलूप त्या जिभेलाही होतंच. ती तशीच निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती कुंग सोनाराकडे गेली. कुंगनं तांब्याचे पैसे तराजूत टाकले, त्याबदल्यात चांदीचा तुकडा काढून ठेवला आणि मग ते नाणं उचललं. एका बाजूनं बघितलं, उलटवलं, पुन्हा उलटवलं आणि भुवई वर नेली.

नाण्याच्या तोंडावर ड्रॅगन होता, ढगांत वेटोळं घालून बसलेला, जुन्या बादशाहीतला. आणि पाठीवर फुलांची माळ, मध्ये लोकराज्याची अक्षरं. म्हणजे तोंड बादशहाचं आणि पाठ बादशहाला हाकलून देणाऱ्यांची. कुंग म्हणाला, “आजी, नाण्याचं तोंड आणि पाठ एका घरची असावी लागते. हे कुणाचं मूल म्हणायचं? पेढीवाले असलं नाणं हातात धरत नाहीत.”

“खोटं आहे?”

“मी खोटं म्हणत नाही. पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आत शिसं निघालं तर कुलपाला काय अर्थ राहिला?”

पुढचं आजीनं ऐकलंच नाही. रागानं तिचे कान गरम झाले होते. वीस वर्षांत तिला खोटे पैसे काय कमी लोकांनी दिले होते? ते ती हसून परत करायची. पण हा पैसा तिच्या दुकानात नव्हता आला. हा खुंटीच्या गळ्यात जाणार होता. दोन पोरं हातांतून गेलेल्या घराच्या परडीत खोटं नाणं टाकायला माणसाचं काळीज कशाचं असावं? रस्त्यानं येताना तिच्या डोळ्यांना धार लागली आणि घरी पोचेपर्यंत तिनं ठरवून टाकलं की चहाची बैठक बोलवायची.

पाइलू घाटावर कोर्टकचेरीची पायरी कुणी चढत नाही. तंटा झाला की चहाघरात बैठक बसते. दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, एखादा वजनदार माणूस दोघांचं ऐकून घेतो, आणि हजर असलेल्या प्रत्येकापुढे चहाची वाटी ठेवली जाते. जो हरतो तो सगळ्यांच्या चहाचे पैसे भरतो. पण गावात चहाघर एकच होतं. म्हणजे शाओवरचा खटला शाओच्याच चहाघरात चालणार, आणि आपल्याच खटल्याचं पाणी उकळायला शाओलाच पहाटे उठावं लागणार.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. फुकट ते पौष्टिक, हे घाटावर कुणाला शिकवावं लागत नाही. एरवी साध्या चहावर सकाळ काढणारे हमाल आज मोगऱ्याच्या चहाशिवाय बोलेनात. बसायला जागा नाही म्हणून पोरं खिडक्यांत चढली. नावाड्यांचे म्होरके फेंग काका न्याय द्यायला आले, मधल्या मेजाशी बसले आणि झाकण बाजूला सारून आधी निवांत दोन घोट प्याले. कोपऱ्यात छुंगछिंगच्या बोटीची वाट बघणारा एक चष्मेवाला परगावचा पाहुणा बसला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण चहाची वाटी त्याच्याही पुढे आली.

आजी उभी राहिली. घरून निघताना तिनं बरंच काही घोकून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं ऐन वेळी विसरली आणि तेच बरं झालं.

“पैशाचं काही नाही,” ती म्हणाली. “यानं दार लावून घेतलं असतं तर मी मुकाट परत गेले असते. हमालांनी दिला, तेलवालीनं दिला, आंधळ्या गोणपाटवाल्यानं चाचपून पैसा काढून दिला. आणि या चहावाल्यानं मला सगळ्यांदेखत अख्खं नाणं दिलं, तेही हे असलं. माझ्याशी वैर आहे ना? मग माझ्या दुकानावर दगड मारायचे. पोरीच्या कुलपात शिसं कशाला?”

तिनं नाणं मेजावर आपटलं. ते चांगलं खणखणीत वाजलं, हे तिच्याही ध्यानात आलं, पण तिनं तिकडे दुर्लक्ष केलं.

मग नाणं हातोहात फिरलं. फेंग काकांनी ते दोन बोटांच्या टोकांवर धरून कडेवर जोरात फुंकर मारली आणि चटकन कानाशी नेलं. आवाज बारीक, लांबणारा, निर्मळ. तेलवाल्यानं चावून पाहिलं. तांदूळवाल्यानं तळहातावर तोललं. वजन बरोबर, आवाज बरोबर, दात बरोबर, पण उलटवलं की प्रत्येकाचा चेहरा पडायचा. तेलवाला म्हणाला, चोरांनी घाईत केलंय. तांदूळवाल्याला वाटलं, ज्यानं केलं तो दारू प्यायला असणार. नाणं फिरत फिरत पुन्हा मेजावर आलं आणि त्यातल्या कुणीही ते स्वतःपाशी ठेवायची इच्छा दाखवली नाही.

शेवटी कुंग सोनारानं कमरेची छिन्नी काढली. कड कापायची, आत काय आहे ते दिसेल, आणि सगळे आपापल्या घरी जातील.

“कापू नका,” शाओ म्हणाला. सकाळपासून त्यानं तोंड उघडलं ते हे पहिल्यांदाच.

“का बरं? पोटात दुखायला लागलं?” आजी म्हणाली आणि सगळं चहाघर हसलं.

छिन्नी नाण्याला टेकली होती, इतक्यात कोपऱ्यातली खुर्ची धाडकन पडली. चष्मेवाला पाहुणा माणसांतून वाट काढत, कुणाच्या चहात बाही बुडवत पुढे आला आणि त्यानं कुंगचं मनगटच धरलं. माणूस एरवी सभ्य दिसत होता. आपलं नाव वेन असल्याचं सांगून त्यानं माफी मागितली, पण मनगट सोडलं नाही. नाणं बघू द्या, एवढंच तो म्हणत राहिला. नाणं हातात आल्यावर त्यानं चष्मा कपाळावर चढवला, ड्रॅगनपासून फुलांपर्यंत आणि फुलांपासून ड्रॅगनपर्यंत ते फिरवत राहिला आणि लहान पोरासारखा हसायला लागला.

वेन जुनी नाणी जमवणारा होता. त्यानं सांगितलं ते असं. बादशाही कोसळली त्या वर्षी टांकसाळीत सगळाच गोंधळ. साहेब लोक पळालेले, शिपाई पगारासाठी दाराशी बसलेले. नवीन राज्याचा नवीन साचा आला, पण नाण्याला साचे लागतात दोन, आणि कुणीतरी वरचा नवीन बसवून खालचा जुनाच राहू दिला. चूक कळेपर्यंत मूठभर नाणी पडली आणि पगारांतून निघून गेली. चांदी अस्सल, वजन अस्सल, फक्त जोडी चुकलेली. अशा नाण्याचा शाईचा ठसा त्यानं एकदा कुणाकडे पाहिला होता, नाणं हातात आजच आलं.

“मी याचे ऐंशी देतो,” तो म्हणाला. “चांदीचे ऐंशी. आत्ता.”

ऐंशीत नवी नाव येते. फेंग काकांनी आजीकडे बघितलं, म्हणजे निकाल लागलाच होता. नाणं खरं, शाओ जिंकला. लोक आजीच्या वाट्याला आलेल्या चहाच्या वाट्या नजरेनं मोजायला लागले.

पण न्ये आजी टोफू विकता विकता म्हातारी झालेली. सौद्यातली फट तिला बरोबर दिसायची.

“थांबा,” ती म्हणाली. “चहावाल्या, याची किंमत ऐंशी आहे हे तुला ठाऊक होतं?”

शाओनं मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं.

“कुणी घेत नाही हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“म्हणजे तू तुझ्या मनानं खोटंच दिलंस. ते खरं निघालं हे नाण्याचं पुण्य. तुझं नाही.”

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हमालांनी माना डोलावल्या आणि पुन्हा चहा मागवला. फेंग काका म्हणाले, “शाओ, ती बरोबर विचारते आहे. सांग.”

शाओ किटलीच्या मुठीशी चाळा करत उभा होता. वीस वर्षं त्यानं लोकांची भांडणं ऐकत चहा ओतला होता, स्वतः उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती.

“माझं लग्न त्याच वर्षी झालं,” तो म्हणाला. “हमालीचे मिळाले, त्यात हे आलं. मिठाला दिलं, मीठवाल्यानं संध्याकाळी परत आणून दिलं. तांदळाला दिलं, दुसऱ्या दिवशी परत. एकदा जत्रेत फसवून खपवलं, तर तो माणूस दोन गावं चालत माझ्या दारात आला. च्यूशियांग आजारी होती तेव्हा औषधाला दिलं, वैद्याच्या माणसानं तेही परत आणलं. आम्हाला मूलबाळ नाही, वहिनी, तुम्हाला माहीत आहे. च्यूशियांग हसून म्हणायची, हेच आपलं पोर. सकाळी बाहेर जातं आणि दिवस मावळला की घरी येतं.”

त्यानं किटली खाली ठेवली.

“तुम्ही परडी घेऊन आलात, तेव्हा माझ्याकडे तांब्याचे पैसेही होते. पण मला वाटलं, ज्या घरातून पोरं निघून जातात त्या घराच्या कुलपात तांब्याचा पैसा काय करणार? तिथे घरी परत येणारं काहीतरी हवं. माझ्याकडे तसं एवढंच होतं.”

आजी खाली बसली. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. सात वर्षं या माणसाच्या पायरीशी आंबूस पाणी सोडलं आणि वर त्यालाच नावं ठेवत राहिले, याची तिला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या वर, तिला आवरता येणार नाही एवढा आनंद झाला. कारण पोरीसाठी मागितलेल्या शंभर पैशांत असं मन लावून दिलेलं दुसरं काही नव्हतं. मागच्या बाकावर खुंटीला घेऊन बसलेली लानफांग पोरीच्या टाळूवर गाल टेकवून रडत होती, पण तिचा चेहरा मात्र कित्येक वर्षांनी उजळला होता.

फेंग काकांनी घसा साफ केला. पण निकाल द्यायची त्यांच्यावर वेळच आली नाही, कारण आजी उठून उभी राहिली होती.

“मी हरले,” ती म्हणाली. “सगळ्यांचा चहा माझ्याकडे. पैसे नाहीत, तेव्हा टोफू खा. ज्यांनी मोगऱ्याचा मागितला त्यांना तिखट जास्त.” मग ती शाओकडे वळली. “आणि भावजी, उद्या माणूस लावून गटार फिरवून घेते. नदीकडे.”

सात वर्षांनी तिनं त्याला भावजी म्हटलं. शाओनं लगबगीनं तिच्या वाटीत चहा ओतला, आणि वाटी आधीच भरलेली असल्यामुळे तो सगळा तिच्या सदऱ्यावर सांडला. त्यावर चहाघर एवढं हसलं की खिडकीतलं एक पोर खाली पडलं.

वेन अजून नाणं धरून उभा होता. ऐंशीचे त्यानं शंभर केले होते. आजीनं नाण्याकडे बघितलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे गळकं छप्पर आलं, खचलेलं जातं आलं, सुनेची फाटकी रजई आली. मग तिनं हात पुढे केला.

“साहेब, हे घरी परतणारं नाणं आहे. तुम्हाला विकलं आणि परत आलं, तर तुमचे शंभर बुडतील. आणि नाही आलं, तर आमचं कुलूप बुडेल. तुम्हीच सांगा, व्यवहार कसा जमायचा?”

वेननं उसासा टाकला आणि नाणं तिच्या हातावर ठेवलं. पण ते वितळवू नका, एवढं त्यानं हात जोडून विनवलं. मग पिशवीतून पातळ कागद आणि शाई काढून, कागद ओला करून नाण्यावर दाबून, शाईत बुडवलेल्या कापडी बोळ्यानं हलके हलके ठोकत त्यानं दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. ते वाळेपर्यंत बोट भोंगा वाजवून निघून गेली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं तिखट टोफू दोन वाट्या खाल्ला, डोळे पुसले आणि जाताना आजीच्या परडीत तांब्याचा एक पैसा टाकला.

कुंग सोनारानं कुलूप केलं ते घाटावर आधी कुणी पाहिलं नव्हतं. लोकांच्या चांदीची त्यानं कड केली, साखळी केली, आणि मधोमध नाणं अख्खंच बसवलं, असं की एका बाजूनं ड्रॅगन दिसावा आणि एका बाजूनं फुलं. छिन्नी उगारल्याबद्दल त्यानं मजुरी घेतली नाही.

शंभराव्या दिवशी गल्ली न्ये आजीच्या दारात मावेना. लाल रंगवलेली अंडी वाटली, शाओनं चहा आणला, तोही ताज्या पानांचा, याची लोकांनी मुद्दाम दखल घेतली. कुलूप घालायला आजीनं फेंग काकांना बोलावलं नाही. तिनं शाओला पुढे केलं. त्यानं खुंटीच्या गळ्यात साखळी अडकवली आणि कुलपाचा आकडा दाबला. टक्‌ असा आवाज झाला. लानफांगनं श्वास सोडला.

खुंटीनं आधी छताकडे बघितलं. मग तिचं लक्ष छातीवरच्या चकाकीकडे गेलं. दोन्ही मुठींनी तिनं कुलूप पकडलं, तोंडात घातलं आणि बोळक्या हिरड्यांनी ते जोर लावून चावायला लागली.

“तपासते आहे,” तेलवाली म्हणाली. “खरं आहे का बघते आहे.”

लोक हसले. शाओही हसला आणि नकळत, वीस वर्षांच्या सवयीनं, त्यानं तळहात पुढे केला. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्या नाण्याचं असंच झालं होतं. लोक ते फुंकत, वाजवत, चावत, आणि मग त्याच्या हातावर परत ठेवत.

खुंटीनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या हाताकडे बघितलं. आणि कुलूप आणखी घट्ट धरून तोंड फिरवून घेतलं.

शाओचा हात तसाच पुढे राहिला. आजीनं त्यावर एक लाल अंडं ठेवलं आणि म्हणाली, “भावजी, आता ते परत नाही मिळायचं.”